फळी आणि फासळी : लाकडी नौकेच्या प्रतिकृतीची निवड व बांधणी

नागपूरहून पूर्वेकडे जाणारी गाडी हावडा स्थानकात थांबली आणि प्रवासी बाहेर पडला, की त्याच्या समोर हुगळी नदी येते. नदीवर १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला प्रचंड पोलादी पूल, पुलाखालून ये-जा करणाऱ्या प्रवासी बोटी आणि काठाकाठाने जाणारी एखादी लाकडी नौका, असे ते दृश्य असते. पुलाकडे सर्वांचेच लक्ष जाते. नौकेकडे फार थोड्यांचे. वस्तुतः पूल कसा बांधला याचे नकाशे जपून ठेवलेले आहेत. ती साधी नौका कशी बांधली, हे मात्र बहुधा ती बांधणाऱ्या सुताराखेरीज कोणासही सांगता येणार नाही.

या पुस्तिकेचा विषय लाकडी नौकांच्या प्रतिकृती हा आहे. ज्यांनी एखादी सोपी प्रतिकृती यापूर्वी तयार केली आहे, ज्यांना करवत, पटाशी व कानस धरता येते आणि ज्यांना आता पुढची पायरी चढावयाची आहे, अशा वाचकांसाठी ती लिहिली आहे. पुढची पायरी म्हणजे अधिक तोफा, अधिक शिडे व अधिक दोर असे पुष्कळांस वाटते. तो समज बरोबर नाही. नौका म्हणजे मुख्यतः तिचे फळ्यांचे कवच होय. ज्याला ते नीट चढविता आले, त्याला पुढचे सर्व येते. ज्याला ते आले नाही, त्याची शिडे कितीही सुंदर असली तरी प्रतिकृती खोटी दिसते. हे एक सूत्र मनात धरून आपण संचाच्या निवडीपासून आरंभ करू आणि शेवटी हावडा जिल्ह्यातील एका नौकेपाशी येऊन थांबू.

१. प्रमाण

प्रतिकृती म्हणजे नुसती लहान वस्तू नव्हे, तर ठराविक प्रमाणात लहान केलेली वस्तू होय. १:४८ हे प्रमाण जहाजांच्या प्रतिकृतींत फार रूढ आहे. इंग्रजी मापात एक फुटास पाव इंच, असे ते हिशेबास सोपे पडत असल्यामुळे रूढ झाले. या प्रमाणात १६८ सेंटिमीटर उंचीचा खलाशी ३५ मिलिमीटरांचा होतो, तर २४ मिलिमीटर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा होतो. तेच प्रमाण १:९६ घेतले, तर तो दोर पाव मिलिमीटरचा म्हणजे शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक होईल.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. मोठे जहाज दिवाणखान्यात मावावे म्हणून लहान प्रमाणात केले, की प्रत्येक भाग बोटांच्या पकडीपलीकडे जातो. उलट लहान नौका मोठ्या प्रमाणात केली, तर तेवढ्याच जागेत प्रत्येक सांधा स्पष्ट दिसतो व हाताळता येतो. एक उदाहरण घेऊ. ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली. ती १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट. १:४८ प्रमाणात ही लांबी सुमारे ९५ सेंटिमीटर होते आणि पुढची व मागची काठी धरल्यास टेबल पुरत नाही. याउलट ९ मीटर लांबीची नदीतील नौका १:२४ या दुप्पट मोठ्या प्रमाणात केली, तरी ३७.५ सेंटिमीटरांतच बसते. मधल्या पायरीवरच्या कारागिराने दुसरा मार्ग धरावा हे उघड आहे.

२. संच पारखण्याची रीत

बाजारात मिळणाऱ्या लाकडी संचांच्या वेष्टनावर पूर्ण शिडे उभारलेल्या जहाजाचे चित्र असते. ते चित्र बाजूस ठेवावे व पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट आराखडे. चांगल्या संचात जहाजाचे तीन प्रकारचे आराखडे असतात : बाजूने दिसणारा, वरून दिसणारा आणि आडव्या छेदांचा. यांपैकी छेदांचा आराखडा सर्वांत महत्त्वाचा, कारण कवचाचा आकार त्यातच कळतो. केवळ रंगीत छायाचित्रे देऊन ‘याप्रमाणे चिकटवा’ असे सांगणारा संच हात चालवावयास शिकवितो, परंतु नौका शिकवीत नाही.

दुसरी गोष्ट छेदफलकांची संख्या. बहुतेक संचांत प्लायवूडचा एक उभा कणा असतो व त्याच्या खाचांत आडवे छेदफलक बसवावयाचे असतात. यांच्यावर पुढे पट्ट्या चिकटवितात. फलक फार दूर दूर असले, तर पट्टी दोन फलकांमध्ये सरळ राहते आणि कवचाला गोलाईऐवजी पैलू पडतात. विशेषतः पुढच्या व मागच्या टोकास, जेथे वक्रता झपाट्याने बदलते, तेथे फलक जवळ जवळ असले पाहिजेत. नसल्यास मोकळ्या जागी हलक्या लाकडाचे ठोकळे भरून ते आकारास घासून घेण्याची तयारी ठेवावी.

तिसरी गोष्ट कणा सरळ आहे किंवा नाही. डोळ्याजवळ धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. कण्यातला पीळ पुढे कितीही पट्ट्या चढविल्या तरी जात नाही.

चौथी गोष्ट कवच एकेरी की दुहेरी. दुहेरी कवचात आधी जाड व साध्या लाकडाचा थर देतात, तो घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर पातळ शोभिवंत थर लावतात. पहिल्या थरातील चुका दुसऱ्याखाली झाकल्या जातात. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रतिकृतीसाठी दुहेरी कवच श्रेयस्कर. एकेरी कवच हे त्यानंतरचे शिक्षण.

पाचवी गोष्ट पुनरावृत्ती. यादी उघडून कप्प्या, दोर अडकविण्याचे खुंटे आणि तोफांचे गाडे किती आहेत ते मोजावे. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेत ही संख्या शेकड्यांनी असते. पन्नासावी कप्पी बांधताना पहिल्या कप्पीपेक्षा नवे काही शिकावयास मिळत नाही, आणि पुष्कळ प्रतिकृती येथेच अपूर्ण राहून कपाटावर धूळ खातात. एक किंवा दोन डोलकाठ्यांची, तोफा नसलेली व्यापारी अगर मासेमारीची नौका घेतली, तर कामाचा मोठा भाग कवचावर खर्च होतो व काम पूर्णही होते.

३. लाकडाची निवड

हावड्याच्या शिवपूर भागात एक विस्तीर्ण वनस्पतिउद्यान आहे. कर्नल रॉबर्ट किड यांच्या सूचनेवरून ते १७८७ साली स्थापन झाले. आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव त्यास दिलेले आहे. तेथील प्रचंड वटवृक्ष सर्वांस ठाऊक असतो. परंतु या उद्यानाच्या आरंभीच्या हेतूंपैकी एक हेतू कंपनीच्या जहाजांसाठी सागवान वाढविणे हा होता, हे फारसे ठाऊक नसते. तो प्रयत्न फसला. गंगेच्या मुखाकडील गाळाची जमीन सागास मानवली नाही आणि काही दशकांच्या अनुभवानंतर तो नाद सोडून द्यावा लागला. जहाज बांधावयाचे तर प्रथम योग्य लाकूड हवे, आणि ते हवे तेथे उगवत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

प्रतिकृतीच्या बाबतीत हाच धडा निराळ्या रूपाने लागू पडतो. खऱ्या जहाजास सागवान उत्तम. ते टिकाऊ आहे व आकारमानात फारसे बदलत नाही. परंतु प्रतिकृतीस ते तितकेसे योग्य नाही. सागवानाची रंध्रे मोठी असतात. लाकडाची रंध्रे काही १:४८ प्रमाणात लहान होत नाहीत. त्यामुळे प्रतिकृतीच्या कवचावर ती रंध्रे खऱ्या नौकेतील भेगांसारखी दिसतात. प्रतिकृतीस बारीक व एकसारख्या तंतूंचे लाकूड पाहिजे. आपल्याकडे हळदू हे पिवळसर लाकूड या कामास फार चांगले. शिवण, ज्यास बंगालीत गामार म्हणतात, तेही हलके, कापावयास सोपे व फारसे न वेडेवाकडे होणारे आहे. आतील ठोकळ्यांसाठी पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड चालते. सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे ते महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचे आहे.

लाकूड निवडल्यानंतर हवामानाचा विचार केला पाहिजे. लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी राहते; आर्द्रता ५० टक्क्यांवर आली, की ते सुमारे ९ टक्क्यांवर उतरते. या बदलाने लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ मुळीच आखडत नाही, परंतु आडव्या दिशेने आखडते. पाण्यातील दर एक टक्क्याच्या घटीस रुंदी साधारणपणे पाव टक्क्याने कमी होते असे धरू. मग कवचाची उंची ९६ मिलिमीटर असल्यास ७ टक्क्यांच्या घटीत ती सुमारे १.७ मिलिमीटर कमी होऊ पाहील.

‘होऊ पाहील’ असे म्हणण्याचे कारण असे, की पट्ट्या ज्या फलकांवर चिकटविलेल्या आहेत ते प्लायवूडचे आहेत. प्लायवूडच्या थरांतील तंतू एकमेकांस आडवे असल्याने ते आखडत नाही. पट्ट्यांस आखडावयाचे आहे, फलक त्यांस आखडू देत नाहीत. या ओढाताणीत जो सांधा सर्वांत कच्चा असेल तो उघडतो. कोलकात्यात किंवा कोकणात श्रावणात जोडलेले कवच माघात चिरते, अगर वातानुकूलित खोलीत नेताच चिरते, त्याचे हे कारण होय. १:४८ प्रमाणात सांध्याची फट एक दशांश मिलिमीटर उघडली, तरी ती खऱ्या नौकेत जवळजवळ पाच मिलिमीटरांची फट ठरते. अशी नौका पाण्यावर राहणार नाही. यास्तव पट्ट्या ज्या खोलीत प्रतिकृती ठेवावयाची आहे त्याच खोलीत महिनाभर ठेवाव्यात, ऐन पावसाळ्यात कवच जोडू नये, आणि काम पूर्ण होताच आतून व बाहेरून लाखेचे किंवा अन्य रोगणाचे पातळ थर द्यावेत. रोगणाने ओलावा पूर्णपणे अडत नाही, परंतु त्याची ये-जा मंदावते व लाकडास सावकाश जुळवून घेता येते.

४. पट्ट्यांची विभागणी

आता मुख्य कामाकडे येऊ. नवशिक्याची पहिली चूक अशी, की तो सर्व पट्ट्या सारख्या रुंदीच्या ठेवून वरून खाली चिकटवीत जातो. नौका मध्यभागी फुगीर व टोकांस निमुळती असते. म्हणून तळाच्या कण्यापासून काठापर्यंतचे अंतर प्रत्येक छेदफलकावर निराळे असते. हे अंतर कागदाच्या अरुंद पट्टीने, फलकाच्या वक्र कडेवरून मोजावे.

समजा, मधल्या फलकावर हे अंतर ९६ मिलिमीटर भरले. पट्टी ६ मिलिमीटर रुंद असेल, तर १६ पट्ट्या लागतील. पुढील टोकाजवळच्या फलकावर अंतर ६४ मिलिमीटर आहे. तेथेही पट्ट्या १६ च आहेत; म्हणून तेथे प्रत्येकीची रुंदी ६४ भागिले १६, म्हणजे ४ मिलिमीटर असली पाहिजे. अर्थात प्रत्येक पट्टी मध्यापासून पुढे ६ वरून ४ मिलिमीटरपर्यंत निमुळती तासावी. मागील टोकाजवळ अंतर १०४ मिलिमीटर भरले, तर १६ पट्ट्यांनी ९६ च मिलिमीटर भरतात व ८ उरतात. तेथे पट्ट्यांच्या मध्ये पाचरीसारख्या दोन जादा पट्ट्या बसवाव्या लागतात.

पुढील टोकास पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद होऊ देऊ नये. वरील उदाहरणात अंतर ६४ ऐवजी ४० मिलिमीटर असते, तर प्रत्येक पट्टी अडीच मिलिमीटरांची झाली असती. इतक्या अरुंद टोकास खऱ्या नौकेत खिळा मारण्यास जागाच राहिली नसती. अशा वेळी दोन पट्ट्या एकीत मिळवून त्यांची संख्या कमी करतात. हा नियम शोभेचा नसून सुताराच्या खिळ्यातून आलेला आहे. प्रतिकृतीतील प्रत्येक नियमाच्या मागे असेच एखादे कारण असते, आणि ते शोधणे हाच या छंदातील शास्त्रीय भाग होय.

पट्ट्या डावी-उजवीकडे आळीपाळीने चढवाव्यात. एकच बाजू आधी पूर्ण केली, तर गोंद सुकताना कणा त्या बाजूस ओढला जातो व नौका कायमची वाकडी होते.

५. लाकूड वाकविणे

लाकूड भिजवून वाकवावे असे सामान्यतः सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. लाकडाचे तंतू लिग्निन या द्रव्याने एकत्र बांधलेले असतात. ओल्या लाकडातील लिग्निन उष्णतेने मऊ होते व थंड होताच पुन्हा कठीण होते. म्हणून खरे काम उष्णता करते, पाणी तिला साहाय्य करते. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवून तापलेल्या पितळी नळीवर दाबावी. ती सहज वळते व थंड झाल्यावर वळलेलीच राहते.

वाकताना पट्टीची आतील बाजू दबते व बाहेरील ताणली जाते. तापलेले ओले लाकूड पुष्कळ दबू शकते, परंतु एक-दोन टक्क्यांहून अधिक ताणले जात नाही. म्हणून ते तुटते ते नेहमी बाहेरच्या बाजूने. बाहेरील बाजूस पातळ धातूची पट्टी धरून वाकविल्यास ताण ती पट्टी घेते व लाकूड वाचते.

मात्र ही किमया पट्टीच्या जाडीच्या दिशेनेच चालते. दीड मिलिमीटर जाड व ६ मिलिमीटर रुंद पट्टी रुंदीच्या दिशेने वाकवू पाहिल्यास ती सोळापट अधिक विरोध करते, कारण रुंदी जाडीच्या चौपट आहे आणि विरोध या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. जबरदस्ती केल्यास तिची एक कड फलकावरून वर उचलते. अशा ठिकाणी वाकविण्याचा हट्ट सोडून रुंद फळीतून वळणदार आकारच कापून काढावा. त्यासाठी मोकळ्या जागेवर कागद धरून शेजारच्या पट्टीची कड त्यावर उमटवून घ्यावी आणि कागदाप्रमाणे लाकूड कापावे. खऱ्या गोदीतही असेच करतात.

६. आधी फासळी की आधी फळी?

येथवर आपण संचाच्या पद्धतीने गेलो : आधी सांगाडा, मग त्यावर कवच. वाडियांनी बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’सारख्या जहाजांची रीत हीच होती. या रीतीस आराखडा अत्यावश्यक असतो, कारण फळी चढण्यापूर्वीच प्रत्येक फासळीचा आकार ठाऊक असावा लागतो. ‘ट्रिंकोमाली’चे आराखडे इंग्लंडहून मुंबईस पाठविण्यात आले होते. ते ज्या जहाजातून येत होते ते १८१२ साली अमेरिकन युद्धनौकेने जिंकल्याने नष्ट झाले, तेव्हा नव्या प्रती येईपर्यंत थांबावे लागले.

बंगालच्या नद्यांवरील सुतारांची परंपरा याच्या उलट आहे. सर्वसाधारणपणे ते आधी फळीस फळी, कडेस कड भिडवून लोखंडी चापांनी जोडतात व कवच उभे करतात. फासळ्या त्यानंतर, तयार झालेल्या कवचाच्या आकाराबरहुकूम बसवितात. एका रीतीत फळी फासळीचे ऐकते, दुसरीत फासळी फळीचे ऐकते. दुसऱ्या रीतीत आराखडा लागत नाही. कोणती फळी किती कलवावी हे सुताराच्या नजरेत व हातात असते. ही तिची शक्ती होय, आणि हाच तिचा धोका होय; कारण नजर व हात वारसाने ठेवून जाता येत नाहीत.

हावडा जिल्ह्याच्या दक्षिणेस, रूपनारायण नदी जेथे हुगळीस मिळते त्या बाजूस, श्यामपूरचा प्रदेश आहे. शरद्बाबूंच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांच्या भाषांतरांतून वाचलेल्या मराठी वाचकांस या नदीचे नाव परके वाटू नये. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे सामताबेड येथील घर याच नदीकाठी, वरच्या अंगास आहे. या नदीवर ‘छोट’ नावाची एक नौका चालत असे. बंगालच्या बहुतेक नौकांचे तळ गोल किंवा सपाट असतात. छोटीचा आडवा छेद मात्र इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता असतो.

या आकाराचे मर्म समजून घेण्याजोगे आहे. गोल तळाची नौका उथळ पाण्यात सहज वळते, परंतु बाजूने येणाऱ्या प्रवाहापुढे ती चटकन सरकते. निमुळता तळ पाण्यात भिंतीसारखा उभा राहून आडव्या सरकण्यास विरोध करतो व नौका आपली दिशा राखते. जेथे भरती-ओहोटीचे जोरदार पाणी दिवसातून अनेकदा दिशा बदलते, तेथे हा मोठा गुण ठरतो. त्याची किंमतही द्यावी लागते : ओहोटीला सपाट तळाची नौका चिखलावर सरळ बसते, निमुळत्या तळाची कलंडते. नौकेचा प्रत्येक आकार हा असा एक सौदा असतो.

रस्ते झाले, यांत्रिक नौका आल्या, नदीत गाळ साचत गेला. छोट मागे पडली व तिची बांधणीही थांबत गेली. २०२२ साली श्यामपूर भागातील डिहिमंडलघाट येथे एका वयोवृद्ध कारागिराने आपल्या पुत्रांसह एक छोट पुन्हा बांधली. या कामाची साद्यंत नोंद करण्यात आली. ब्रिटिश म्युझियमच्या, लोपत चाललेल्या हस्तज्ञानाच्या नोंदीसाठी असलेल्या योजनेतून त्यास साहाय्य मिळाले, आणि एक्सेटर विद्यापीठातील जॉन कूपर, बंगालच्या नौकांचे अभ्यासक मानवशास्त्रज्ञ स्वरूप भट्टाचार्य प्रभृतींनी ते पार पाडले. तयार नौका गुजरातेत लोथल येथे उभारल्या जाणाऱ्या सागरी वारसा संग्रहालयासाठी योजिलेली होती. कोलकात्यात काकुडगाछी येथे २०१४ साली उघडलेल्या नौकासंग्रहालयात बंगालच्या चाळीसहून अधिक प्रकारच्या नौकांच्या लाकडी प्रतिकृती मांडण्यात आल्या. हावड्यास जाणाऱ्या वाचकाने ते अवश्य पाहावे.

७. आपल्या नदीतील नौकेची प्रतिकृती

एखादा संच नीट पूर्ण केलेल्या कारागिराने पुढची प्रतिकृती संचावाचून करावी, आणि ती त्याच्या जवळच्या पाण्यावरील नौकेची असावी. रूपनारायणच पाहिजे असे नाही. वसई, हर्णै किंवा मालवण येथील किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडीही तितकीच योग्य.

प्रथम मालकाची परवानगी घ्यावी. नाळेपासून पिछाडीपर्यंत नौकेच्या मध्यावर एक दोरी घट्ट व समपातळीत ताणावी आणि तिचे दहा समान भाग करावे. प्रत्येक भागाच्या खुणेपाशी ओळंबा सोडून तळाची खोली मोजावी. मग तीन-चार उंचींवर ओळंब्यापासून कवचापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. ही मापे कोष्टकात लिहून त्यांवरून छेदांचा आराखडा काढता येतो. बिंदू जोडताना लवचीक पट्टी वापरावी. जो बिंदू पट्टीच्या सहज वळणात बसत नाही, तो बहुधा चुकीचा मोजलेला असतो.

या आराखड्यावरून मऊ लाकडाचा भरीव साचा घडवावा. तो कवचाच्या जाडीइतका लहान असावा व त्यास मेणकागद गुंडाळावा, म्हणजे गोंद चिकटणार नाही. साच्यावर प्रथम कणा, ज्यास कोकणातील सुतार ‘पठाण’ म्हणतात, आणि नाळ बसवावी. मग कण्यापासून वर एकेक फळी चढवावी. गोंद फक्त फळ्यांच्या कडांस लावावा. १:२४ प्रमाणात ३० मिलिमीटर जाडीची फळी सव्वा मिलिमीटरची होते, तेव्हा कडा नेमक्या कोनात तासल्या गेल्याच पाहिजेत. कवच सुकल्यावर साचा काढून घ्यावा. ज्या नौकेचा काठ आत वळलेला नाही, तिच्यातून तो सहज निघतो. त्यानंतर प्रत्येक फासळी कवचात टेकवून, तासून, पुन्हा टेकवून बसवावी. हे काम सावकाश होते. परंतु ते करतानाच, आधी फळी या रीतीत फासळीचे स्थान काय असते हे बोटांना कळते. नुसत्या वाचनाने ते कळत नाही.

प्रतिकृतीबरोबर एक वहीही ठेवावी. ही फळी एवढी रुंद का, येथे चाप जवळ जवळ का, काठ येथे का उचलला, असे प्रश्न काम करताना पडतात. त्यांची उत्तरे पुस्तकांत क्वचितच मिळतात. ती मिळतात नौका बांधणाऱ्याकडे, आणि बांधणारे आज थोडे आहेत. प्रतिकृतीत तिच्या कर्त्याला समजले तेवढेच उतरते. जे समजले नाही ते तिच्यात नसते, आणि मूळ नौका व तिचा सुतार दोन्ही गेल्यावर ते कोठेच नसते. म्हणून हौशी कारागिराने गोंद सुकण्याची वाट पाहत असताना घाटावर जाऊन विचारावे.

स्वाध्याय

१. ४ सेंटिमीटर रुंद लाकडाच्या पातळ चकतीची रुंदी तंतूंना आडव्या दिशेने, आधी कोरडी असताना व मग दोन दिवस ओल्या फडक्यात ठेवून, मोजा. तंतूंच्या दिशेने काही बदल झाला काय?

२. एका प्रतिकृतीत मधल्या फलकावरील अंतर १२० मिलिमीटर व पुढील फलकावरील ५० मिलिमीटर आहे. पट्टी ५ मिलिमीटर रुंद आहे. एकूण पट्ट्या किती लागतील? पुढील टोकास प्रत्येकीची रुंदी किती होईल, व तेथे कोणता उपाय करावा लागेल?

३. साबणाच्या दोन वड्यांपासून एक गोल तळाची व एक निमुळत्या तळाची नौका कोरून परातीतील पाण्यात सोडा व बाजूने हलकी फुंकर घाला. कोणती अधिक सरकते ते पाहा. दोन्हींचे वजन सारखे ठेवणे का आवश्यक आहे ते सांगा.

४. आपल्या गावाजवळील नदी, खाडी अगर तलावावर कोणत्या लाकडी नौका चालतात, त्या कोणी बांधल्या व बांधणारा आज काय करतो, याची माहिती मिळवून शाळेच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवा.